एकटीचा रोडगा

निजामाच्या अमलात महसुलाची तपासणी करणारा गिरदावर तेलगावच्या दौऱ्यावर आला की त्याचा मुक्काम हटकून राधाकिशन पाटलांकडे पडायचा, आणि त्याचं कारण पाटील नव्हते. कारण होते त्यांच्या बायकोचे, सारजाबाईचे रोडगे. जाडसर गव्हाच्या पिठात कडकडीत तुपाचं मोहन, आत गूळ, खसखस, खोबरं, आणि गवऱ्यांच्या आरात भाजलेला गोळा. वरची पारी अशी खुसखुशीत की फोडताना कुडकुड वाजायची. गिरदावर ओसरीवर मांडी घालून "खस्ता, बहोत खस्ता" अशी त्या खुसखुशीतपणाची तारीफ करायचा आणि पाटील मिशीला ताव द्यायचे, जसं काही मोहन त्यांनीच घातलं होतं.

तो कुडकुड आवाज सारजाबाईने माजघराच्या दाराआडून ऐकलेला. चव मात्र ठाऊक नव्हती. आता म्हणाल, करणारीलाच कशी ठाऊक नाही? अहो, पाहुणे, दीर, गडी, पोरं, सासू, जावा सगळे जेवून उठेस्तोवर आर विझलेला असायचा. हिच्या वाट्याला यायचा तो गार, दगड झालेला. ताकात बुडवून मऊ करायची आणि गिळायची. वाईट वाटायचं का? वाटायचं. चांगलंच वाटायचं.

त्या वर्षी कार्तिकी पुनवेला अख्खं घर गाड्या जुंपून कपिलधारच्या यात्रेला निघालं. म्हैस नुकतीच व्यालेली, म्हणून सारजाबाई मागे राहिली. शेवटची गाडी वेशीपलीकडे गेली, धुरळा खाली बसला, आणि ती रिकाम्या अंगणात उभी राहून एकटीच हसली. आज ताता रोडगा खायचा. अख्खा. आरातून काढल्याबरोबर.

दार लोटून घेतलं. लोटायलाच हवं होतं, कारण माणसं देवाला गेलीत आणि ही घरात गोडधोड करून एकटी खाते, हे गावाला कळलं असतं तर तिची धडगत नव्हती. सासूनं परत आल्यावर वेशीतच ऐकलं असतं.

काठवट घेतली, मूठभर पीठ घेतलं. कढल्यात तूप कडकडवलं आणि नेहमीसारखं भसकन ओतलं. झालं! हात पंगतीला सरावलेला, त्याला मूठभर पिठाचा अंदाज कुठून असणार? पिठाची पार लापशी झाली. वरून पीठ घातलं, तर कोरडं. पाणी घातलं, तर चिवट. पुन्हा पीठ. बघता बघता चार गड्यांना पुरेल एवढा गोळा तयार झाला, तोही वातड. सारजाबाईने कपाळाला हात लावला आणि तो गोळा उचलून म्हशीपुढे टाकला. म्हशीचं तूप म्हशीच्या पोटात गेलं.

पण बाई हार मानणारी नव्हती. दुसऱ्यांदा ती लहानपणी भातुकलीला बसायची तशी बसली. पळी बाजूला ठेवली आणि बोटानं तूप टाकलं. थेंब, थेंब, मग पीठ चोळायचं, मुठीत दाबून बघायचं. मुटका वळला आणि फुटला नाही, तेव्हा थांबली. पाण्याचा नुसता शिपका दिला. एवढुसा गोळा, तळहातावर मावणारा. त्याची वाटी केली, आत गूळ, खसखस, खोबरं भरलं.

गोळा मिटला आणि तिच्या डोक्यात वीज चमकली. पहिला घास गायीचा. शेवटचा कुत्र्याचा. आजवर कधी चुकलं नव्हतं. पण रोडगा एकच! तोच पहिला, तोच शेवटचा. मग तिचा कोणता?

मग कडेची दोन चिमूट कणीक काढली, सुपारीएवढ्या दोन गोळ्या वळल्या. एक गायीची, एक कुत्र्याची. मधला आपला. देवाला हिशेब मान्य असेल तर असेल, म्हणाली, आणि तिन्ही आरात सारले.

वास सुटला. वासाला काय दार लोटलेलं कळतं? समोरच्या खोपटातली छबुबाई, सारजाबाईची म्हातारी चुलत सासू, काठी टेकत दार ढकलून आत आली. गुडघे धरल्यानं तीही यात्रेला गेली नव्हती.

"कोन आलंय गं? गिरदावर हाय का?"

"न्हाई, आत्याबाई." सारजाबाई म्हणाली. पाहुणा येऊन गेला, असं सांगता आलं असतं. तिनं नाही सांगितलं. "मलाच केलाय. एकटीलाच."

म्हातारी चुलीपाशी बसली. सारजाबाईनं गायीची नि कुत्र्याची गोळी काढून बाजूला ठेवली, फडक्यानं राख झटकून रोडगा काढला, ताटलीत ठेवला, आणि सवयीचे हात पुढं झाले. तिनं तो फोडला, कुडकुड वाजला, वाफ वर आली, आणि मोठा तुकडा छबुबाईपुढं सरकवला.

छबुबाईनं तो परत ताटलीत टाकला. "दात हायत का मला? बिगी बिगी खा, गार व्हईल."

"पर तुमी..."

"सारजे, बस. मांडी घालून बस."

सारजाबाई मांडी घालून बसली. म्हातारीनं सरकत सरकत जाऊन तुपाचं कढलं उचललं, रोडग्याच्या पोटात धार धरली, थोडी जमिनीवर सांडली. सारजाबाईनं पहिला घास तोंडात घातला. पारी दाताखाली चुरली, आतला गूळ वितळून टाळ्याला चटका बसला, आणि तिचे डोळे भरून आले. चटक्यानं नव्हे. एवढं चांगलं होतं ते! एवढी वर्षं दुसऱ्यांना हे वाढत होतो आपण, आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही.

ती घाईघाईनं खात राहिली, हनुवटीवर तूप ओघळलं. समोर छबुबाई कढलं घेऊन तशीच बसून होती. ताटली रिकामी झाली.

"अजून वाढू?" म्हातारीनं विचारलं.

आरात काही उरलं नव्हतं, हे दोघींनाही दिसत होतं. सारजाबाईनं हनुवटीवरचं तूप पुसलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

"वाढा, आत्याबाई," ती म्हणाली.