नळाखालची बाटली

द्राक्षमळ्याच्या तळघरात ग्लास धुणाऱ्या काकूंना वाइन चाखायची परवानगी नव्हती. पण वास घ्यायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही. एकोणतीस वर्षं साहेबलोकांचे उष्टे ग्लास त्यांच्यापुढे येत होते आणि धुण्याआधी प्रत्येकात त्या नाक घालत. बूच खराब असेल तर ओल्या पुठ्ठ्याचा वास. उष्णता लागली असेल तर शिजलेल्या मनुकांचा. चाखणाऱ्या साहेबांनी वहीत काय लिहिलं असेल ते काकू साबण लावायच्या आत सांगत. त्याबद्दल कुणी पदवी दिली नाही. साधे हातमोजेसुद्धा भांडून मिळवावे लागले.

मळा दोनशे वर्षांचा. त्याची लाल वाइन लोक पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवत आणि वर्षातून एका ठरलेल्या दिवशी तपासायला परत आणत. साहेब बाटली उघडत, घोटभर चाखत. पास झाली तर चाखली तेवढी वाइन परत भरून नवं बूच आणि त्यावर मळ्याचा शिक्का. नापास झाली तर साधं बूच आणि नमस्कार.

यंदा त्या रांगेत काकूंची स्वतःची बाटली होती.

खरं तर काकांची. काका इथेच वाइनची लाकडी पिंपं घासायचे. अंग चोरून पिंपात शिरायचे आणि जांभळे होऊन बाहेर यायचे. मुलगी झाली त्या वर्षी अकरा दिवसांचा संप झाला. मालकांनी पगारवाढ दिली निम्मी, आणि उरलेल्या निम्म्याऐवजी प्रत्येकाच्या हातात एकेक बाटली. बाकीच्यांनी शिव्या घालत त्याच दुपारी रिकाम्या केल्या. काकांनी घरी आणली. एका खोलीच्या संसारात तळघर कुठून आणणार? सगळ्यात गार जागा मोरीत, नळाखाली. तिथे ओलं पोतं गुंडाळून बाटली आडवी झोपवली आणि तळहाताच्या फोडासारखी जपली.

गेल्या वर्षीच्या आजारपणात काकांचं नाक गेलं. फोडणी जळली तरी कळेना. तेव्हापासून एकच धोशा: "तपासून आण गं. एवढी वर्षं नीट सांभाळली का, एवढं कळू दे मला."

आणि काकू टाळत राहिल्या. कारण मुलगी सहा वर्षांची असताना, काका तोडणीच्या हंगामात मळ्यावरच मुक्कामाला होते तेव्हा, नळ फुटला होता. पोर तापाने फणफणलेली, खोलीभर पाणी. काकूंनी बाटली उचलून चुलीवरच्या फळीवर ठेवली आणि विसरल्या. चार दिवस. खाली रांधणं चालू, वर बाटली. काका यायच्या आदल्या दिवशी गुपचूप जागेवर ठेवली. ब्र काढला नाही.

बाटलीची पाळी आली तेव्हा साहेबांनी बूच काढलं, ग्लास उजेडात धरला, फिरवला, घोट तोंडात घोळवून थुंकला. परत चाखलं. काकू हौदापाशी उभ्या, हातातलं फडकं पिळून पिळून कोरडं झालेलं.

"कुठल्या तळघरात होती?"

"मोरीत."

रांगेतला एक टायवाला हसला. काकूंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याला खोकला आला.

"बूच उत्तम राहिलंय. वाइन जिवंत आहे," साहेब म्हणाले. "पण कधीतरी उष्णता लागलीय. थोडीच, पण लागलीय. शिक्का नाही देता येणार, काकू."

साधं बूच बसवलेली बाटली आणि दोन धुतलेले ग्लास घेऊन काकू मागच्या अंगणात गेल्या. काका बाकावर वाट बघत होते.

"काय झालं?"

"नापास. अहो, तुमची चूक नाही. मीच..." आणि चुलीवरची फळी, चार दिवस, सगळं एका दमात ओकून टाकलं.

काकांनी बाटली हातात घेतली. मग तिची मान पुढे केली. जुन्या बुचाला लावलेली लाख मानेवर एका बाजूने ओघळून सुकली होती. "ही काय नळाखाली वितळली? आलो त्याच संध्याकाळी दिसलं होतं मला."

"एकवीस वर्षं? आणि बोलला नाहीत?"

"पोर तापातून उठली होती. तुझे डोळे खोल गेलेले. बाटलीवरून कसला भांडतोय?"

"मग आता तपासायचा हट्ट कशाला धरलात?"

"मला वाटायचं वाचली असेल. वाचली असती, तर तुला सांगितलं असतं की काही बिघडलं नाही."

 काकू चिडल्या. "जन्मभर पिंपात बसून डोकं आंबलंय तुमचं!" असं म्हणत त्यांनी बूच उपटलं आणि ओतली.

काकांनी घोट घेतला. "आंबट. तुरट. बाकी काही कळत नाही. तू सांग."

एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा काकूंनी धुतलेल्या ग्लासात त्यांच्या स्वतःसाठी वाइन होती. त्यांनी नाक घातलं, डोळे मिटले.

"मनुका आहेत. त्या माझ्या चुलीच्या. त्यांच्या मागे ओलं लाकूड, घासून उन्हात ठेवलेल्या पिंपाचं. आणि..." त्यांनी परत एकदा वास घेतला.

"आणि काय? साहेबासारखी ताटकळत ठेवू नकोस."

"तुमचा सदरा. कामावरून आल्यावरचा."

"म्हणजे वाईट."

"गप्प बसा. तो खुंटीला असायचा तेव्हा मला झोप लागायची."

आतून हाक आली, ग्लास साचलेत म्हणून. काकू जागच्या हलल्या नाहीत. "येते म्हणावं," त्या म्हणाल्या आणि काकांच्या ग्लासात आणखी थोडी ओतली.