दाराजवळची मुलगी

डोणगावच्या आमच्या शाळेत ती आठवीत आली, तोवर तिची चार घरं बदलून झाली होती. आता मावशीकडे राहायची. वर्गात दाराजवळच बसायची. काही विचारलं की आधी माझा चेहरा निरखायची, मग जेवढ्यास तेवढं बोलायची. डबा एकटीच खायची.
"मैत्रिणींत बस ना गं."
"असू द्या, मॅडम."

परवा पाचवीतली एक नवी मुलगी फाटकाशी रडत उभी होती, आत यायलाच तयार नव्हती. मी पोचले, तर ही आधीच तिथं! ओढणीनं तिचे डोळे पुसत म्हणत होती, "काऊन रडून राह्यली? मी हाय ना. इथून कोणी कोणाले हाकलत नाही."

दोघी हात धरून आत पळाल्या. घंटा झाली, तरी मी आनंदानं तिथंच उभी होते.