नळीच्या आतला थर

"यांच्या रक्तात बुरशी आहे," सोलापूरचे डॉक्टर म्हणाले तेव्हा मला लोणच्यावर येते तीच आठवली. ती रक्तात कशी जाईल? ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी, तिथेच केली होती. त्यात यीस्ट जातीची कॅंडिडा नावाची बुरशी निघाली.

आजारी होत्या माझ्या सासूबाई, आमच्या आत्या. तुळजापूरचं आमचं पुजाऱ्याचं घर. आत्यांचं डायलिसिस चालू होतं, त्यासाठी मानेजवळ कॅथेटर म्हणजे नळी बसवलेली. नवरात्राच्या तोंडावर त्यांच्या जिभेवर पांढरे चट्टे आले, म्हणून धाराशिवच्या डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या. दसऱ्यानंतर मात्र डायलिसिसला झोपवलं की हुडहुडी भरायला लागली.

"कॅप्सूल पूर्ण घेतल्या का?" डॉक्टरांनी विचारलं.

आत्या खाटेवरून ठणकावून म्हणाल्या, "न्हाय. वरचं टरफल जनावराच्या हाडाकातड्याचं असतंय म्हणं. घट बसल्यावर ते तोंडात कसं घालू? घट उठल्यावर घेतल्या की परत!"

डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, "अर्धवट औषधाचा ताण पडला की काही वेळा यीस्ट मरत नाही. एकमेकांना चिकटून नळीच्या आत थर करतं. त्याला बायोफिल्म म्हणतात. त्यात औषध नीट शिरत नाही. यांचं तसंच झालं, हे छातीठोकपणे नाही सांगता येणार. पण नळी काढावी लागेल."

घागरीच्या आत बुळबुळीत थर धरतो, तो नुसतं पाणी बदलून जात नाही, घासावा लागतो. माणसाच्या आतलं कसं घासायचं?

नळी काढली. शिरेतून औषध सुरू झालं. ताप उतरला, पुन्हा चढला. तोवर बुरशी हृदयाच्या झडपेवर बसली होती.

आयसीयूत आत्यांनी सलाइनकडे बघत विचारलं, "ह्यात न्हाय ना कसलं कातडं?"

"न्हाय आत्या," मी म्हणाले. मी कुणालाच विचारलं नव्हतं.

"मग चालू दे."

दिवाळीआधी त्या गेल्या. डॉक्टर शेवटपर्यंत त्यांना एक शब्दही लावून बोलले नाहीत, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

उपास मोडा, असं मी कुणाला सांगणार नाही. मीही करते. पण औषध बंद करण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला. आत्यांचा मला अजून राग येतो, आणि रागावता रागावता रडू येतं. तेच औषध साध्या गोळीतही मिळतं. फक्त विचारायला हवं होतं.