लेकीच्या घरचं पाणी

मशीन शनिवारी बसणार होतं आणि आई रविवारी जाणार होती. या दोन गोष्टींची गाठ मीच मारून ठेवली होती, त्यामुळे चिडायचं तरी कुणावर?

बाबा गेल्यावर आई गावी, जूचंद्रच्या घरी एकटीच राहत होती. दोन वर्षांपूर्वी मोरीत घसरून पडली. शेजारीण वाटीभर कालवण द्यायला आली म्हणून कळलं, नाहीतर किती वेळ तशीच पडून राहिली असती कोण जाणे. मला भाऊ नाही. मी तिला एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये घेऊन आले. ती आली, पण अट घालून आली. घरातली सगळी भांडी तीच घासणार.

"जावयाच्या घरी बसून खायाचं नाय मला," ती म्हणाली.

आमच्याकडच्या जुन्या बायका लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. माझा मुलगा कॉलेजात जायला लागला, म्हणजे तो नियम केव्हाच संपला. पण आईच्या डोक्यातून तो गेला नव्हता. तीन वेळची भांडी घासली की मगच तिला या घरात पाठ टेकायचा हक्क मिळायचा. मी पुन्हा कामाला बाई लावते म्हटलं तर म्हणाली, "मग मी कशाला? शोभेला?"

आणि मग तिचे हात गेले. आधी बोटांची टोकं फुटली, मग तळव्यांना चिरा पडल्या, मग चिरांतून रक्त यायला लागलं. भाकरी मोडतानाही तिचा चेहरा आक्रसायचा आणि मी बघतेय म्हटल्यावर ती हात पदरात लपवायची. स्किनच्या डॉक्टरांनी सांगितलं, साबणाचं पाणी बंद. "तुमच्याकडे पाणी जड आहे का? बोअरचं वगैरे?" त्यांनी विचारलं.

"छे! किचनमध्ये पालिकेचं गोडं पाणी आहे आमच्या," मी ठसक्यात सांगितलं. आई बाजूलाच बसली होती.

घरी येऊन तिने हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि भांडी घासायला उभी राहिली. मी ओरडले, रडले, तिच्या हातातून घासणी ओढून घेतली. मी ऑफिसात असताना कोण ओढणार होतं? शेवटी नवऱ्याने आणि मी तिला न विचारता भांडी धुणारं मशीन मागवलं. खोका दारात आला तशी आई बाहेर आली, त्यावरचं चित्र बघितलं, आणि आत जाऊन आपली कापडी पिशवी भरायला लागली. ओळखीच्या रिक्षावाल्याला तिने रविवारी दहाला यायलाही सांगून टाकलं.

"आई, अगं तुझ्या हातांसाठी आणलंय ते!"

"माहीत हाय. चांगलं केलंस. माझं काम झालं इथलं."

रागावून म्हणाली असती तर मी भांडले असते. ती अगदी सरळ म्हणाली. त्यानंतर माझ्या डोळ्यांसमोरून ती मोरी हलेना. ओली फरशी, बंद दार, आणि या वेळी शेजारीण काही द्यायला आलेली नाही.

शनिवारी कंपनीचा माणूस आला. गप्प, नेटका, चष्मेवाला. ओट्याखालची एक ट्रॉली आम्ही आधीच काढून ठेवली होती. "नवीन प्लंबिंग काही लागत नाही ताई, आहे त्यावरच होईल," तो म्हणाला. सिंकच्या नळाच्या लाईनवर एक फाटा काढायचा, त्यातून मशीनला पाणी. मशीनचं घाण पाणी सिंकच्याच खालच्या पाईपात. फाट्यासाठी मी सोसायटीच्या प्लंबरलाही बोलावून ठेवलं होतं. तो ओट्याखाली अर्धा शिरून झोपला आणि "मॅडम, टेन्शन नहीं, दस मिनिट का काम," म्हणाला. प्लंबर दहा मिनिटं म्हणाला की मी दिवस गेलाच म्हणून समजते.

मला सगळ्याचीच भीती वाटत होती. जोड गळेल आणि खालच्यांच्या छताला ओल येईल. मशीन भांडी नीट धुणार नाही आणि आई म्हणेल, बाजूला सर, मीच घासते. किंवा उत्तम धुईल आणि आई जाईल. यातलं नक्की काय व्हावं असं मला वाटत होतं, ते मलाच कळत नव्हतं.

कंपनीच्या माणसाने सिंकच्या नळाचं पाणी पेल्यात घेतलं, त्यात कागदाची बारीक पट्टी बुडवली आणि तिचा बदललेला रंग डब्यावरच्या रंगांशी लावून बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

"ताई, हे बोअरचं पाणी आहे. फार जड."

"शक्यच नाही. बोअर फक्त बाथरूमला आहे. किचनला गोडी लाईन."

"किचन में मीठाही है," ओट्याखालून प्लंबर बोलला.

"पट्टी तसं सांगत नाही," चष्मेवाला म्हणाला.

"मग तुमची पट्टी खराब असेल!" माझा आवाज चढला. मी चढवलाच म्हणा ना. घाबरले की मला आधी राग येतो, ही माझी जुनी खोड आहे.

आई इतका वेळ दाराच्या चौकटीत उभी होती. ती पुढे आली. सिंकचा नळ सोडून तिने ओंजळीत पाणी धरलं. चिरांना झोंबलं असणार, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. एक घोट घेतला, तोंडात जरासा फिरवला.

"मचूळ," ती म्हणाली.

मग वाकून ओट्याखाली बोट दाखवलं. तिथे दुसरा कॉक होता, पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरकडे जाणारा. प्लंबरने तो उघडून तिच्या हातावर धार धरली. तिने चाखलं. "हे गोडं."

आईचं माहेर खाडीकाठचं. उधाणाला बांध फुटला की तिकडे शेतात खारं पाणी शिरायचं, आणि विहिरीचं पाणी रोज जिभेवर बघूनच बायका हंडा भरायच्या. तिची जीभ चुकणार नव्हती. पट्टीही चुकली नव्हती. आता प्लंबर पाईप हाताने चाचपत गेला आणि म्हणाला, सिंकची लाईन बाथरूमकडून आणली आहे. "किसीने जानबूझके जोडा है."

किसीने. कप्पाळ माझं! मला एकदम सगळं आठवलं. सहा वर्षांपूर्वी किचनच्या टाईल्स बदलल्या तेव्हा गोडं पाणी एक दिवसाआड यायचं. मीच त्या वेळच्या कारागिराला सांगितलं होतं, सिंक बोअरला जोडून टाका, गोडं पाणी प्यायला पुरेल. भांड्यांना काय, कुठलंही पाणी चालतं. हेच शब्द. नंतर पाणी नीट यायला लागलं आणि मी ते साफ विसरले. प्यायला फिल्टर, स्वयंपाकालाही फिल्टरचंच. सिंकचं पाणी आमच्या कुणाच्या तोंडात कधी गेलंच नाही.

तोंडात नाही गेलं. हातांत गेलं. दोन वर्षं, दिवसातून तीन वेळा, ती त्यात हात घालून उभी होती.

एवढंच असतं तरी एक वेळ सोसलं असतं. स्टीलच्या पेल्यांवर वाळल्यावर पांढरे डाग राहायचे. त्यावरून मी तिला बोलले होते. एकदा नाही, कितीदा तरी. "आई, नीट निथळत नाहीस तू. बघ, साबण राहिलाय." आणि ती तोच पेला उचलून परत घासायची. जास्त जोर लावून घासायची.

मी तिथेच, प्लंबरच्या पायांशी, फरशीवर बसले. "तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"आले त्याच दिवशी. चूळ भरली नं इथे."

"मग बोलली का नाहीस? त्या डॉक्टरसमोर तरी बोलायचंस! दोन वर्षं, आई!"

तिने ओले हात पदराला टिपले. मी किती खुळ्यासारखं विचारतेय, असं तिच्या तोंडावर होतं. "लेकीच्या घरचं पानी," ती म्हणाली. "त्याला नावं ठेवायची?"

कंपनीचा माणूस उगाचच चष्मा पुसायला लागला. प्लंबरही हलायचा थांबला होता.

मला भडभडून आलं आणि त्याबरोबर असा संताप आला की विचारू नका. "ठेवायची!" मी ओरडले. "ठेव ना नावं! पाण्याला ठेव, भाजीला ठेव, मला ठेव, तुझ्या जावयाला ठेव! आपल्या घरात माणसं नावंच ठेवतात. पाहुणे ठेवत नाहीत. दोन वर्षं तू माझ्याकडे पाहुणी म्हणून राहिलीस?"

ती स्टूल ओढून बसली आणि प्लंबरला म्हणाली, "जोड बाबा, गोड्याला जोड."

दहा मिनिटांच्या कामाला दुपार लागली. सिंक आणि मशीन दोन्ही गोड्या लाईनवर आले. पहिल्यांदा मशीन चालू केलं तेव्हा मी खाली कोरडं फडकं पसरून गुडघ्यांवर बसले आणि जोडाला पुन्हा पुन्हा बोट लावत राहिले. ठिपकाही पडला नाही. शेवटी आईने मशीनचं दार उघडून एक पेला काढला, उजेडाकडे धरला. डाग नव्हता. तिने तो माझ्या हातात दिला आणि आत गेली. मी मागून डोकावून बघितलं. कापडी पिशवी पलंगावर भरलेलीच होती.

रविवारी सकाळी मी चहा केला. पावणेदहाला खालून रिक्षाचा हॉर्न ऐकू आला. आई टेबलाशी बसली होती, नेसून, पिशवी पायाशी ठेवून. मी कालच जे बोलायचं ते बोलून बसले होते. थांब म्हणायला तोंड उघडलं असतं तर नुसती रडले असते. मी कप तिच्यापुढे ठेवला.

तिने एक घोट घेतला. तोंडात जरासा फिरवला. कप खाली ठेवला.

"हा काय च्या म्हनायचा?" ती म्हणाली. "नुसता पानचट."

दोन वर्षांत तिने माझ्या हातच्या कशालाच नाव ठेवलं नव्हतं. मी कसंबसं म्हटलं, "साखर देऊ?"

"साखर काय करायची? पानी किती घालतेस ते बघ." तिने पिशवी पायाने टेबलाखाली सारली. "बाजूला सर. उद्या मी करीन."

हॉर्न पुन्हा वाजला. मी तशीच अनवाणी जिना उतरले, रिक्षा परत पाठवायला.