पाच कंट्रोलर, एक हेल्पर आणि वैशालीताई

वैशालीताईंनी मला एकदाच वाचवलं. तेही धडधडीत खोटं बोलून.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

२००७ साल असेल. राजारामपुरीतलं आमचं आठ माणसांचं सॉफ्टवेअर ऑफिस. मी प्रोबेशनवर, ताई माझ्या टीम लीड. हुपरीच्या एका पैंजणवाल्यांची वेबसाईट आम्ही करत होतो.

पैंजणाचं माप काढणारी मेथड, म्हणजे हिशोबाचा कोड, मी लिहिली आणि साईटच्या पाच पानांच्या पाच कंट्रोलरमध्ये, म्हणजे ती पानं चालवणाऱ्या फायलींत, बिनधास्त कॉपी-पेस्ट केली. चालत होतं की!

मग पैंजणवाले मालक म्हणाले, माप हूक धरून दाखवा.

ताईंनी विचारलं, "सगळीकडं बदललंस?"

मी छातीठोकपणे म्हटलं, "हो."

बदललं होतं चार ठिकाणी. राहिलेलं पाचवं पान कारागिरांच्या ऑर्डर स्लिपचं. अख्खी ऑर्डर अर्धा इंच आखूड झाली.

मालक एक पैंजण हातात घेऊनच ऑफिसात आले. "ताई, ह्ये कुणाच्या पायात जायाचं ओ? सगळं परत वितळवाय लागतंय! कुणी केलंय ह्ये?"

नोकरी गेली, हे नक्की.

ताई उठल्या. "मी लिवलंय. चूक माझी हाय. उद्याच्याला नीट हुईल."

ते गेले आणि माझा बांध फुटायच्या बेतात.

"रडणं नंतर. आधी पाचीतनं ती मेथड काढ. एक हेल्पर क्लास कर, त्यात ठेव. सगळ्या कंट्रोलरनी तिथलीच वापरायची. पाच जागी लिवलंस म्हंजे पाचदा चुकायची सोय केलीस की गं!"

केलं. उत्साहाच्या भरात बाकीचा कोडही त्यातच कोंबला.

ताईंनी स्क्रीन बघितली. "ह्यो हेल्पर हाय का माळा? मापाचं ऱ्हाऊ दे, बाकीचं काढ."

आज पुण्यात माझ्या टीममध्ये बारा जण आहेत. एकाचीही कॉपी-पेस्ट माझ्या नजरेतून सुटत नाही. हा माज ताईंनी दिलेला आहे आणि मी तो मिरवते.

सकाळी गडमुडशिंगीला त्यांच्या घरी गेले होते. चहा घेताना त्यांचे भाऊ सहज बोलून गेले, "त्या पैंजणाच्या भानगडीत तिचं प्रमोशन गेलं न्हवं का. कुणाचं नाव न्हाय घेतलं तिनं, घरातसुद्धा."

मला हे माहीतच नव्हतं. त्या भानगडीनंतर दोन वर्षं आम्ही रोज एकत्र डबा खाल्ला.

ताई, ते मी लिहिलं होतं. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा "हो" म्हणणारीही मीच. आज सगळ्यांसमोर सांगते.

जय भीम, ताई.