गुरुजींचा चुकलेला तारा

काहीही विचारा, गुरुजी आधी डोक्यावरची टोपी काढत, तिच्या आत पाहत, पुन्हा घालत आणि मग म्हणत, "थांबा, एकडाव पाहून घेऊ." भाजीत मीठ कमी आहे का, यालाही हेच उत्तर. तुमच्याही शाळेत असं कोणीतरी असेलच. आमच्या शाळेत ते माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसत.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. बुलढाण्याच्या घाटाच्या काठावर आमची शाळा. मी मराठी शिकवी, ते शास्त्र. दिवाळी सरली की तिन्हीसांजेनंतर ते पोरांना पटांगणात उभं करून देवयानी तारकासमूहातला अंधुक ठिपका दाखवत आणि सांगत: ज्येष्ठा हा राक्षसी तारा, सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वीला गिळून बसेल. आणि हा ठिपका म्हणजे ज्येष्ठाचाही बाप, सगळ्यात मोठा तारा. बाप म्हटलं की पोरांना लगेच पटे.

मग शाळेत नवं पुस्तक आलं. तो ठिपका तारा नाहीच, ती दीर्घिका आहे, असं त्यात होतं. अब्जावधी ताऱ्यांचा मेळा, राक्षसी ताऱ्यांसकट. त्या दिवशी गुरुजींनी काढलेली टोपी सुट्टी होईपर्यंत टेबलावरच राहिली.

"किती पोरायले खोटं सांगतलं मी," ते म्हणाले.

त्यानं कोणाची ज्वारी कमी पिकली का, असं मी विचारलं. त्यावर ते माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

आणि मग सुरू झाली त्यांची दुरुस्ती. बाजारात, पंगतीत, एस.टी.च्या थांब्यावर, जुना विद्यार्थी दिसला की धरलाच. एका नवरदेवाला तर त्यांनी बोहल्यावर चढण्याआधी गाठलं. हाताशी वेळ असला तर घाटाच्या तोंडाशी नेऊन खालचं गाव दाखवत. लग्नातली गॅसबत्ती कितीही मोठी असो, ती बत्ती एकच. गाव म्हणजे घरोघरचे दिवे, आणि ती बत्तीही त्यातच. फार लांबून पाहिलं तर सगळ्यांचा मिळून एक ठिपका दिसतो. लोक मान डोलावत आणि गुरुजींच्या तब्येतीची चौकशी करत.

अडला तो एकच. त्यांचा सर्वांत लाडका विद्यार्थी वरवट बकाल या गावी शिक्षक झाला होता, आणि तो वर्गात अजून मोठा ताराच शिकवतो, असं कानावर आलं. आपली चूक आता पुढच्या पिढीतही चालली, या विचारानं गुरुजींना अन्न गोड लागेना. रजा काढून, मला सोबत घेऊन ते तिकडे निघाले.

तो शाळेतच भेटला. पाया पडला, चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडून नाही म्हणाला. "माह्या गुरुजीनं शिकवलं ते चूक कसं होईन?"

"अबे, तो गुरुजी मीच नं."

"हाव. पण तवा तुमचं डोकं तरणं होतं."

मला हसू आवरेना. गुरुजींच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं. त्यांनी पिशवीतून नवं पुस्तक काढून त्याच्या हातात दिलं आणि स्वतः पोरांच्या ओळीत तरटावर मांडी घालून बसले. "शिकव मले. नाही समजलं तं विचारीन."

तो अडखळत वाचू लागला. गुरुजी मुद्दाम बोट वर करून भाबडे प्रश्न विचारत. मग ज्येष्ठा मोठा की हे मोठं? एकाच ताऱ्याला एवढं मोठं व्हायला काय हरकत? शेवटी तो वैतागला. "गुरुजी, ज्येष्ठा केवढाही असला तरी तो एक दाणा. हे आख्खं खळं हाय." आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं.

त्या दिवसापासून गुरुजी दिसेल त्याला अभिमानानं सांगत, की दीर्घिका मला माझ्या विद्यार्थ्यानं शिकवली.

गुरुजी गेले तेव्हा शोकसभेला तो वरवटहून आला. गुरुजींना दीर्घिका शिकवणारा तो हाच, अशी मी त्याची ओळख करून दिली. तो उभा राहिला.

"हे खोटं हाय," तो म्हणाला. "एवढं एकच खोटं त्यायनं कधी दुरुस्त केलं नाही."