शिवेवर ठेवलेली पेटी

माझं अक्षर गिचमिड आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला अजून नीट जमत नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. कोणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. पण कागद घरात राहतो आणि कधीतरी कुणाच्या हाती लागतोच. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेही माहेरी ब्राह्मणपुरीच्या शाळेत, मुलांच्या मागे भिंतीला टेकून. त्यानंतर लिहिण्याची खरी वेळ आयुष्यात एकदाच आली, पटकीच्या साथीत. तेव्हा मी लिहायचं टाळलं आणि दुसरंच काहीतरी केलं. त्यातून जे झालं ते मला आजही पुरतं उलगडलेलं नाही.

आम्ही तेव्हा शहाद्यात होतो. दुसऱ्या लढाईच्या आधीची एक-दोन वर्षं असतील. हे सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते आणि दवाखान्याच्या मागेच आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. भर उन्हाळा होता, गोमाई नदीत नुसती डबकी उरली होती. आधी डोंगराच्या पायथ्याकडच्या गावांतून बातमी आली. मग दवाखान्याच्या ओसरीवर माणसं आडवी दिसू लागली, डोळे खोल गेलेली, हातापायांची कातडी सुरकुतलेली. ओसरी भरली, तेव्हा औषधांची खोलीही रोग्यांना द्यावी लागली. मग औषधं ठेवायची कुठे? डॉक्टरसाहेब म्हणाले, कंपाउंडरच्या घरी ठेवा, त्याच्या दाराला कुलूप आहे आणि त्याच्या बायकोला वाचता येतं.

असं ते सगळं माझ्या घरात आलं. विहिरीत टाकायचं लाल औषध होतं. त्याला लाल म्हणत, पण बाटलीत ते काळंजांभळं, खड्यांसारखं दिसे आणि पाण्यात पडलं की पाणी गुलाबी होई. पांढऱ्या पावडरीचे डबे होते, झाकण उघडलं की डोळ्यांतून पाणी यायचं. फिनेल होतं. टोचायची लस ओल्या गोणपाटात गुंडाळून माझ्या पाण्याच्या माठाशेजारी ठेवलेली असे. मी त्याच खोलीत भाकरी थापायची.

काम सांगायला सोपं होतं. हे आणि डॉक्टरसाहेब पायथ्याच्या गावांतून फिरत, पार तोरणमाळच्या घाटापर्यंत जात. तिथून मराठीत चिठ्ठी येई, अमक्या गावाला इतकं पाठवा. त्याप्रमाणे मी फळ्यांच्या पेटीत माल भरायचा, गाडीवर चढवून द्यायचा आणि चिठ्ठी खिळ्याला टोचायची. गाडी शेजारच्या भाईंची. त्यांचा मिरचीचा व्यापार होता, दोन बैलगाड्या होत्या, आणि साथीत मिरचीचं काम बंद म्हणून त्यांनी गाडी दवाखान्याला भाड्याने दिली होती. मी परक्या पुरुषाशी बोलत नसे. मी दाराआडून हात पुढे करून गावाचं नाव लिहिलेला कागद भाईंना द्यायची. भाईंची बायको, माझी भाभी, हसायची.

“तुन्हा घरमा चोर घुसना तरी तू त्याले चिठ्ठीच देशी,” ती म्हणायची.

गोंधळ सुरू झाला तो इंग्रजीने. डब्यांवर, खोक्यांवर सगळं इंग्रजी. ती अक्षरं मला किड्यामुंग्यांसारखी दिसायची. निघताना ह्यांनी खोक्यांवर खडूने मराठीत नावं लिहून दिली होती, पण उचलाठेव करताना खडू पुसला गेला. एकदा मी पावडरीच्या जागी फिनेलचे डबे पाठवले. चिठ्ठी उलटी आली, फिनेल कशाला पाठवलं? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुन्हा नावं लिहावीत तर माझं अक्षर सगळ्या गावांना दिसणार, आणि ‘पावडर’ शब्दच मला धड लिहिता येईना. मग मला वाटलं, लिहायचं कशाला, खूणच करू. लाल औषधाला तेलात कालवलेल्या कुंकवाची तीन बोटं ओढली. पावडरीला हळदीची तीन बोटं. फिनेलला काजळी. तेलात कालवलेलं पुसलं जात नाही. बाहेर पाठवायच्या पेटीवरही आत जे असेल त्याचीच खूण करायची मी. त्यानंतर माझी एकही चूक झाली नाही. मी मनात खूश होते. हे घरी नव्हते, त्यामुळे ह्यांना यातलं काही माहीत नव्हतं; पोचलेल्या पेट्यांवरचं हळदकुंकू गावकऱ्यांनीच वाहिलेलं असेल असं त्यांना वाटत होतं.

आणखी एक. बाटल्या फुटू नयेत म्हणून पेटीत पेंढा भरायचा असतो. त्या उन्हाळ्यात गुरांनाच चारा नव्हता. दवाखान्याच्या अंगणात मोठा कडूनिंब होता, म्हणून मी त्याच्या डहाळ्या भरायची. फळ्यांच्या फटींतून पाला बाहेर डोकावत राही.

एके सकाळी चिठ्ठी आली. पायथ्याच्या एका गावाला दोन बाटल्या लाल औषध आणि दोन डबे पावडर आजच पाठवा, लोक त्याच विहिरीचं पाणी पीत आहेत, औषध विहिरीत टाकायला आम्ही उद्या तिथे पोचतो. मी एकाच पेटीत चारही भरलं. झाकणावर कुंकू आणि हळद दोन्ही ओढली. भाई पेटी घेऊन गेले आणि दिवस मावळायच्या आत परत आले. माझ्या वतीने भाभीने विचारलं, “पोचाडी का?”

“पोचाडी दिन्ही,” भाई म्हणाले आणि बैल सोडायला गेले. मी चिठ्ठी खिळ्याला लावली.

पाचव्या दिवशी हे घरी आले ते धुळीने माखलेले. पेटी गावात पोचलीच नव्हती. डॉक्टरसाहेब दोन दिवस तिथे वाट बघत बसले, मग दुसरीकडून औषध मागवलं. तोपर्यंत त्या गावात तीन माणसं गेली होती. त्यांतली एक ओली बाळंतीण.

ह्यांनी भाईंना अंगणात बोलावलं. भाई शपथ घ्यायला लागले.

“गाव खाली व्हतं, भाऊ. सगळा शेतमा राहाले गयात. वाटवर काटा टाकेल व्हतात. मी तीन डाव बोंब मारी. कुत्रंबी उनं नही.”

“मंग?”

“मंग काय, शिववर निंबना झाडखाले ठेवी दिन्ही. मले वाटनं, दवाखान्यानी पेटी कोण चोरी? तीमा काय लाडू शेत?”

हसण्यासारखं होतं, पण कोणी हसलं नाही. भाईंची भीतीही मला कळत होती. साथीच्या गावात शिरायला कोण तयार होतं?

दोन दिवसांत धुळ्याहून दवाखान्यांचे मोठे साहेब आले. बाजारात बोललं जात होतं की कंपाउंडरने औषध विकलं, ही पावडर कपडे पांढरे करणारे लोक चांगल्या भावाने घेतात म्हणे. साहेबांनी ह्यांना कामावरून घरी बसवलं. आठ दिवसांत पेटी दाखवा, नाहीतर पोलिसांत देतो, असं डॉक्टरसाहेबांसमोर सांगितलं. हे घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. मी ताट वाढलं, त्यांनी हात लावला नाही. “दवाखान्याचा दोरासुद्धा मी घरी आणला नाही,” एवढंच म्हणाले. मी दार लोटून घेतलं. मला वाटत होतं की पेटी आहे तर ती कुठेतरी असलीच पाहिजे, ती काय हवेत विरघळेल? आणि तरी कुठे शोधायची ते सुचेना.

हे आणि भाई गाडी घेऊन निघाले. त्या गावात विचारलं तर माणसं मान वळवायची. पेटी? कोणती पेटी? भाई सांगत होते, पेटीचं नाव काढलं की बाया पदर तोंडाला लावून घरात जायच्या. शेवटी शेतातल्या झोपडीत एक म्हातारी भेटली. ती म्हणाली, “तिन्हं नाव कसाले काढतस रे बाप्पाहो? शेजारना गावनी तिले आम्हना शिववर ठेवी दिन्ही व्हती. आम्ही तिले पुढे लोटी दिन्ही.”

तिथे ह्यांना कळलं, शिवेवरची आमची पेटी लोकांनी देवीचा गाडा समजली होती. साथ आली की गाव मरीआईचा, पटकीच्या देवीचा, गाडा करतं. लहानशा गाड्यावर हळद, कुंकू, कडूनिंबाचा पाला ठेवायचा आणि वाजतगाजत ओढत नेऊन गावच्या शिवेबाहेर सोडायचा. ज्यांच्या शिवेवर तो येतो ते त्याला एक दिवसही ठेवत नाहीत, आपल्या पलीकडच्या शिवेवर नेऊन सोडतात. माझ्या माहेरीही मी हे लहानपणी पाहिलं होतं, आईने माझे डोळे झाकले होते. तरी पेटीवर हळदकुंकू ओढताना, पाला भरताना ते माझ्या मनात एकदाही आलं नाही. कसं आलं नाही ते मला सांगता येत नाही.

पेटी तिथून पुढे आणखी चार गावं फिरली होती. प्रत्येकाने तिची पूजा केली, बांगड्या वाहिल्या आणि पुढे ढकलली. शेवटच्या गावाने ती घाटाच्या बाजूच्या नाल्यात सोडली होती. तिथे ती ह्यांना सापडली. बाटल्या खडकावर फुटल्या होत्या, खालच्या डबक्याचं पाणी जांभळं झालं होतं. पावडर सांडून तिचा वास उडाला होता. हे झाकण आणि उरलेल्या फळ्या गाडीत घालून घेऊन आले.

साहेब अंगणात खुर्चीवर बसले होते, डॉक्टरसाहेब शेजारी उभे. साहेबांनी झाकण काठीने उलटवलं. त्यावर कुंकू, हळद, फुटक्या काचेच्या बांगड्या.

“ही दवाखान्याची पेटी?” ते म्हणाले. “हा तर देवीचा गाडा. म्हणजे माल आधी विकला, रिकामं खोकं फेकलं आणि लोकांनी ते देवीला वापरलं. हो ना?”

“नाही साहेब,” हे म्हणाले. पण ते कुंकू त्यांनाही गावकऱ्यांचंच वाटत होतं. मी दाराआड उभी होते. बांगड्यांखाली मला माझीच तीन बोटं दिसत होती. करंगळीशेजारचं बोट लहानपणी मोडलेलं आहे, त्याची रेघ वाकडी येते. ती तशीच वाकडी होती.

भाभी माझ्यामागे होती. मी तिला कानात सांगितलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता ही मारणार.

“मन्हा कानमा सांगीसन काय व्हई? जाय, तठे सांग.”

मी गेले नाही. साहेब उठले, कागद मागवू लागले. भाभीने मला पाठीत एक हात मारला आणि मी उंबऱ्याबाहेर आले.

“ते कुंकू माझं आहे,” मी म्हणाले.

कोणाला काहीच कळलं नाही. साहेबांनी डॉक्टरसाहेबांना विचारलं, बाई काय म्हणतात? मी आत गेले आणि गोणपाटाने झाकून ठेवलेलं औषधाचं एक खोकं उचलून आणून अंगणात ठेवलं. मग दुसरं. मग फिनेलचं. तिन्हींवर तीन-तीन बोटं. डॉक्टरसाहेबांनी खाली बसून एकेक उघडून पाहिलं. कुंकू होतं तिथे लाल औषध, हळद होती तिथे पावडर, काजळी होती तिथे फिनेल. मग त्यांनी नाल्यातलं झाकण शेजारी आणून ठेवलं. तीच वाकडी रेघ. डॉक्टरसाहेब पायरीवर बसले आणि हसायला लागले. हसता हसता मधेच थांबले आणि चष्मा काढून हातात धरला.

चोरीचा आरोप मागे घेतला. ह्यांचं काम ह्यांना परत मिळालं. पण सरकारी माल निष्काळजीपणाने वाया गेला, त्याची किंमत भरावी लागेल, असं साहेबांनी लिहिलं. एकोणीस रुपये सहा आणे, पंधरा दिवसांत. ह्यांचा महिन्याचा पगार बावीस. भाईंनी संध्याकाळी पैसे आणून ठेवले. म्हणाले, अर्धी चूक मन्ही शे, परत नको. हे ऐकेनात. तेव्हा भाईंशी मी पहिल्यांदा बोलले. म्हणाले, हे पैसे मी फेडणार.

नंतर मी डॉक्टरसाहेबांना एकदा विचारलं, ती पेटी पोचली असती तर ती तीन माणसं वाचली असती का? ते म्हणाले, सांगता येत नाही, आधीच पाणी प्यालेली असतील. त्या चार गावांत मात्र त्या साली पटकी शिरली नाही. डॉक्टरसाहेब म्हणत, त्यांनी वाटा बंद केल्या होत्या म्हणून. गावकरी म्हणत, आम्ही तिला वेळेवर पुढे लोटलं म्हणून. मी दोन्ही ऐकून घ्यायची आणि घरी आल्यावर मला दोन्ही खरं वाटायचं. मग ती बाळंतीण आठवायची आणि दोन्हीतलं काहीच खरं वाटायचं नाही. तिचं मूल कोणी वाढवलं ते मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नको होतं?

थंडीत मिरची आली. मी भाभीच्या ओसरीवर देठ खुडायला बसले. दिवसाचे दोन आणे सुटायचे. बोटांची आग व्हायची, रात्री ताकात हात बुडवून बसायची. भाभी चिडवायची, “आते पटकी उनी तं पेटीवर काय लावशी?”

“मिरची लावसू,” मी म्हणाले. “मंग कोणीच हात लावाव नही.”

ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

एका हंगामात पुरं झालं नाही. दुसऱ्या वर्षीही बसले. संक्रांतीनंतरच्या एका बाजारच्या दिवशी भाभीने माझी मजुरी मोजली आणि शेवटचे सहा आणे वेगळे काढून भाईंच्या हातावर ठेवले. भाईंनी ते बंडीच्या खिशात टाकले.

“फिटनं,” ते म्हणाले. एकोणीस रुपये सहा आणे पुरे झाले.